टेकडीवरचा पहारा

१

संध्याकाळी तळ्यावरचा उजेड करडा झाला की मी काठी घेऊन ओसरीत येतो, टेकडीकडे तोंड करतो आणि ओरडतो, "सगळं ठीक!" मग आत येऊन सूप पितो. बस, एवढंच. थंडी असो, ताप असो, दाढ ठणकत असो, हे चुकलेलं नाही. तळ्यापलीकडची डच विधवा याला म्हाताऱ्याचा चळ म्हणते. म्हणेना का! तिच्या कोंबड्या माझ्याच आवाजावर खुराड्यात शिरतात, ते मात्र ती कुणाला सांगत नाही.

यंदा उन्हाळ्यात माझी भाची इशबेल स्कॉटलंडहून आली, मला घरी न्यायला. धाकट्या बहिणीची मुलगी. मी फौजेबरोबर अमेरिकेला निघालो तेव्हा तिची आईच शेळ्यांमागे अनवाणी पळत होती. इशबेलचा नवरा वारलाय, पोरं मार्गी लागलीत, आणि बाई खमकी. जहाज, होडी, खेचर असं सगळं करून इथवर आली आणि दारात उभी राहून पहिलं वाक्य काय? "मामा, ही भांडी शेवटची कधी घासली होती?"

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा बाहेर जाऊन ओरडून आलो. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे काय होतं?"

"सवय."

"सवय तिकडे येऊनही पाळता येईल. घर शाकारून घेतलंय. खिडकीतून खाडी दिसते. आईची खुर्ची तुमच्यासाठी ठेवलीय. मी परत जाईन ती तुम्हाला घेऊनच. नाहीतर इथे तुम्ही एक दिवस मरून पडाल आणि कुत्र्यालाही कळणार नाही."

काय सांगू! खाडी! ओहोटीच्या चिखलाचा तो वास. डोंगरावर हेदरची जांभळी झुडपं फुललेली, आणि घराघरातून येणारा पीटचा, त्या वाळवलेल्या दलदलीच्या मातीचा, गोडसर धूर. इथे लाकूड जळतं. आयुष्यभर लाकडाच्या धुरात बसलो, पण तो धूर काही माझा झाला नाही. मला घरी जायचं होतं. लहान पोरासारखं जायचं होतं.

"मला जाता येत नाही, इशबेल."

"गुडघ्यामुळे?" माझ्या डाव्या गुडघ्यात फ्रेंच शिसं आहे, मी लंगडतो, हे तिला ठाऊक होतं.

"नाही. मी पहाऱ्यावर आहे."

तिने हातातली पळी खाली ठेवली. "बसा," ती म्हणाली. "आणि नीट, पहिल्यापासून सांगा."

२

पहिल्यापासून म्हणजे मर्डोपासून.

मर्डो माझा दूधभाऊ. आमच्याकडे बऱ्या घरचं पोर दुसऱ्याच्या झोपडीत वाढवायची रीत होती. मला जन्मल्याबरोबर मोरागच्या हवाली केलं. तिच्या कुशीत मर्डो होताच, माझ्याहून थोडा मोठा. ती म्हणायची, "एकाला डावी बाजू, एकाला उजवी, आणि दोघंही हावरट!" झोपडीत मधोमध शेकोटी, फळीच्या पलीकडे गाय, आणि आम्ही दोघं एकाच घोंगडीत. सख्खा भाऊही मला होता, पण त्याच्यासाठी मी बोटसुद्धा कापून दिलं नसतं. मर्डोसाठी मान दिली असती. आमच्यात दूधभाऊ म्हणजे तसंच असतं.

आणि मर्डोला सतत भूक! ओटच्या भाकरीचा त्याचा तुकडा संपला की माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "बाळसाहेब, तुम्हाला जड होतंय का ते?" मोठ्या घरचा म्हणून मला तो चिडवायला बाळसाहेब म्हणायचा. पुढे मी लेफ्टनंट झालो आणि तो माझ्याच तुकडीत साधा शिपाई, तरी चारचौघांत 'साहेब' आणि एकटे असलो की 'बाळसाहेब'.

आमच्या खोऱ्यातली आणखी एक रीत सांगायला हवी. चर्चच्या आवारातल्या दफनभूमीत ज्याला सगळ्यांत शेवटी पुरलं असेल, त्याने दारावर पहारा द्यायचा. पुढचं माणूस पुरलं जाईपर्यंत. मग तो सुटला, नव्याची पाळी. पाद्रीबुवा याला अडाणीपणा म्हणत, आणि स्वतःच्या आईला पुरायची वेळ आली तेव्हा शेजारचा मरणासन्न म्हातारा किती दिवस काढेल, याची हळूच चौकशी करत.

एकदा एकाच दिवशी दोन मयती निघाल्या. मी आणि मर्डो भिंतीवर चढून बघत होतो. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांना वळणावर पाहिलं आणि जे पळत सुटले! पहिला आत जाईल तो लगेच सुटणार, मागून येणाऱ्याच्या गळ्यात पहारा. एका म्हातारीच्या शवपेटीची दोरी तुटली, ती उतारावरून घसरत ओढ्यात. शिव्या काय, गुद्दे काय! मर्डो हसून हसून भिंतीवरून पडला. रात्री घोंगडीत मात्र मला म्हणाला, "ओढ्यातली ती म्हातारी आता एकटीच उभी असेल रे दाराशी."

"येईल कुणीतरी पुढचं."

"हो. येतंच कुणी ना कुणी," तो म्हणाला, आणि माझी अर्धी घोंगडी ओढून झोपला.

आम्ही अमेरिकेला निघालो तेव्हा मोराग वेशीपर्यंत आली. रडली नाही. माझ्या कोटाचं बटण धरून म्हणाली, "हा परत येईल न येईल, देव जाणे. पण याला एकटा सोडू नकोस. एवढंच."

मी म्हटलं, "नाही सोडणार."

३

तळ्याकाठी फौजेचा लाकडी किल्ला होता. आता त्याचे चार ओंडके उरलेत, त्यांवर माझ्या शेळ्या उन्हं खातात. तेव्हा तिथे आमची डोंगरी तुकडी, थोडे इंग्रज, तोफा, पिठाची पिंपं आणि वर आमचा मेजर. इंग्रज माणूस, नाकाने बोलणारा, पण वाईट नव्हता. उत्तरेला तळ्याच्या टोकाशी फ्रेंच. आजूबाजूला झाडं तोडून मोकळं केलेलं मैदान, सगळीकडे खुंट. त्यापलीकडे ही टेकडी.

दिवस मजेत गेले, खोटं कशाला बोलू. लोक लढाया आठवतात. मला आठवतात त्या शेकोट्या, बर्फात बूट सुकवत बसलेली आमची पोरं, आणि कोण कुणाच्या गावचा यावरून चाललेली भांडणं.

संध्याकाळी दार बंद झालं की पहारेकरी तटावरून एकापाठोपाठ हाक देत. दाराशी असलेला सुरुवात करी, "सगळं ठीक!" मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, अशी हाक तटाभोवती फिरून तळ्याकडच्या बुरजावर संपे. मर्डोची पाळी असली की सगळे कान टवकारून बसत. कारण तो मोठ्याने म्हणे, "सगळं ठीक!" आणि मग जरा खालच्या आवाजात, आमच्या भाषेत, "...आणि पोट रिकामं!" मेजरला आमची भाषा येत नव्हती. त्याला वाटे ती प्रार्थना आहे.

पहारा बदलायचीही एक पद्धत होती. नवा शिपाई जुन्यासमोर येऊन उभा राही. जुना त्याच्या कानात त्या जागेच्या सूचना सांगे. नवा म्हणे, "पहारा माझा." तेवढं झाल्याशिवाय जुन्याने जागा सोडायची नाही, मग आभाळ कोसळो.

पानगळीत मर्डोला ताप आला. लढाई नाही, गोळी नाही, नुसता ताप. मी उशाशी होतो. शेवटी तो म्हणाला, "बाळसाहेब, आज खायला काय आहे?" मी सांगितलं, मटणाचा रस्सा. खोटंच. तो हसला, आणि गेला. मी त्याचा हात धरून हंबरडा फोडला. अधिकाऱ्याला शोभेल का नाही याचा विचार मी केला नाही.

इंग्रजांची मयतं ओढ्यापलीकडे पुरत. आमच्या माणसांना ते पटेना. आमचे सार्जंट गिलीस, पिकल्या मिशांचे, सगळ्या तुकडीचे काकाच म्हणा ना, मेजरकडे जाऊन अडून बसले. "आमचा माणूस आमच्या जागेत. परक्यांच्या गर्दीत नाही." मीही त्यांच्या बाजूने बोललो. मेजरने हात झटकले आणि टेकडी दिली. आम्ही अभिमानाने मर्डोला तिथे नेलं. बॅगपाईपवाल्याने घरची धून वाजवली. कोरी जागा, मऊ गवत, खाली तळं. सगळे म्हणाले, काय सुरेख जागा आहे.

परतताना गिलीसकाका मधेच थांबले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"साहेब, आपण काय करून बसलो? कोरी जागा. त्याच्याआधी कुणी नाही, आणि त्याच्यानंतर..."

मला कळलं. पुढचा येईपर्यंत पहारा मर्डोचा, आणि पुढचा कधी येणार?

४

दुसऱ्या संध्याकाळी दार बंद झालं. हाक तटावरून फिरली. बुरजावरचा शेवटचा शिपाई ओरडला, "सगळं ठीक!" आणि संपायच्या जागी ती संपली नाही. टेकडीकडून आणखी एक हाक आली. लांबून, अगदी शिस्तीत, पाळीवर असल्यासारखी.

सगळे आपापल्या वाडग्यात बघत राहिले.

मेजर म्हणाला, "प्रतिध्वनी. पानं गळली, आता आवाज टेकडीवर आपटून परत येतो." मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. शिकलेला माणूस मी, ॲबरडीनच्या कॉलेजात दोन पुस्तकं वाचून आलेला. सकाळी एकटा मैदानात उभा राहून मी बुरजाकडून, दाराकडून, खुंटांवर चढून बोंबललो. टेकडीने काही परत दिलं नाही. मग मी स्वतःला सांगितलं, सकाळची हवा वेगळी असते.

पुढे एका संध्याकाळी बुरजावरच्या शिपायाचा घसा बसला होता. त्याने हाकेऐवजी बंदुकीचा दस्ता फळीवर आपटला. ठक. मी मुद्दाम बाहेर उभा होतो, कान देऊन. म्हटलं, आता काय परत येतं बघू. मग टेकडीवरून स्वच्छ आवाज आला, "सगळं ठीक!" आणि जरा खालच्या सुरात, "...आणि पोट रिकामं."

माझ्या मागे गिलीसकाका उभे होते. ते खोकले. त्यांना खोकला त्याच आठवड्यात सुरू झाला होता.

"प्रतिध्वनीला भूक लागत नाही, साहेब," ते म्हणाले.

खरं सांगू? मला भीती वाटली नाही तेव्हा. मला नुसतं रडू आलं. तो तिथे एकटा उभा होता, आणि मी त्याच्या आईला शब्द दिला होता.

५

मग जॉब मेला. जॉब हेब्डन, यॉर्कशरचा सुतार, गोल पोटाचा, सगळ्यांना हवाहवासा. तोडताना झाड अंगावर आलं. आम्हाला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण लाज वाटते सांगायला, त्याच संध्याकाळी आमची सगळी तुकडी मेजरच्या दाराशी उभी. जॉबला टेकडीवर पुरायचं! आमच्या जागेत, पूर्ण मानाने! मेजरचे डोळे पाणावले. "तुम्ही डोंगरी लोक एका इंग्रजावर एवढं प्रेम करता," तो म्हणाला, "हे मी कधी विसरणार नाही." आम्ही माना खाली घातल्या.

जॉबला आम्ही राजासारखं पुरलं. बॅगपाईप वाजला. व्हिस्कीची अख्खी बाटली खड्ड्यात ओतली, आणि ती ओततानाचे पोरांचे चेहरे मी विसरणार नाही. संध्याकाळी सगळे दाराशी जमले. हाक फिरली, बुरजावर संपली. कुणीतरी सुस्कारा सोडला.

आणि आवाज आला. "सगळं ठीक!" मर्डोचाच.

"असं कसं? असं कसं?" एक पोरगा रडवेला होऊन म्हणाला. "नवा माणूस गेला ना आत!"

गिलीसकाकांनी मिशा चावल्या. "जॉबला कुणी सांगितलंय? त्याच्या गावात ही रीत नाही. तो बिचारा आडवा झाला आणि झोपला. आपल्याला पहारा आहे हे त्याच्या बापाला तरी ठाऊक होतं का?"

तेवढ्यात मला जाणवलं. आवाज नेहमीच्या जागेवरून आला नव्हता. जवळून आला होता.

त्यानंतर तो रोज थोडा जवळ येऊ लागला. आधी टेकडीच्या पायथ्याशी. मग मैदानात, खुंटांमध्ये. सूर तोच, शिस्त तीच, पण भुकेचा विनोद बंद झाला होता. बदली न आलेला शिपाई जागा सोडत नाही, पण किती दिवस? शेवटी तो आपल्या तुकडीकडे बघायला येतोच, की अरे, मला सोडवायला कोण येतंय?

एका संध्याकाळी, उजेड पुरता गेलाही नव्हता, दारावर बंदुकीचा दस्ता वाजला. ठक, ठक. पहारा बदलायला आलेला शिपाई वाजवतो तसा. दाराशी असलेल्या पोराने फटीतून पाहिलं आणि तिथेच मटकन बसला. काय दिसलं ते त्याने कधी सांगितलं नाही. "ओली घोंगडी," एवढंच म्हणाला.

त्या रात्री गिलीसकाकांनी आपला चांगला चाकू एकाला दिला, बूट दुसऱ्याला. खोकला वाढला होता. पोरं त्यांच्याकडे बघायची आणि नजर वळवायची. पुढचा कोण, ते सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं होतं.

"काका, हा काय मूर्खपणा?"

"मूर्खपणा कसला साहेब? त्याला माणूस हवाय. मी म्हातारा आहे, मी जाईन. मर्डोसाठी जायला मला दुःख नाही." ते खोकले. "पण मग मी उभा राहणार ना तिथे. फौज तर पुढच्या आठवड्यात उत्तरेला कूच करतेय. इथे राहणार नुसते लंगडे आणि पिठाची पिंपं, सगळे इंग्रज. आपल्यातला कोण कधी येणार इथे मरायला? मी जन्मभर... म्हणजे, काय म्हणायचं त्याला? मी कायमचा उभा राहणार, साहेब. घरापासून एवढ्या लांब."

एवढा दांडगा माणूस, माझ्यासमोर ढसाढसा रडला.

६

मी विचार केला तो अगदी साधा होता. पहारा लावायचा अधिकार माझा. बदली द्यायचा अधिकारही माझा. पहारा घ्यायला मेलंच पाहिजे, असं कुठल्या हुकुमात लिहिलंय?

कूच करायच्या आदल्या संध्याकाळी मी गणवेश नीट चढवला, बंदूक घेतली आणि दार उघडायला लावलं. गिलीसकाका मागे आले, खोकत, नको नको म्हणत. तळ्यावरून धुकं चढत होतं. माझा गुडघा तेव्हा नुकताच गोळी खाऊन बरा होत होता, त्यामुळे खुंटांमधून अडखळतच गेलो.

तो मैदानाच्या मध्यावर होता.

पाठमोरा. घोंगडीची खालची कड ओली, चिखलाने जड झालेली. टोपीत आम्ही खोचायचो तशी जुनिपरच्या झुडपाची काडी, पानं झडलेली. मान किंचित डावीकडे कललेली, तो भुकेला असला की कलायची तशी. मला अजून वाटतं, की धुक्यात एखादा उंच खुंटच असेल. हात लावून बघायला हवं होतं. मी लावला नाही.

मी त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. समोर गेलो नाही, तेवढा धीर नव्हता. मग कानाशी, अगदी कानाशी, थंड वारा लागावा तसा आवाज आला.

"उशीर केलास, बाळसाहेब."

आणि त्या जागेच्या सूचना. त्या मी कुणाला सांगितलेल्या नाहीत, इशबेललाही नाही. त्या पहारेकऱ्याच्या असतात. त्यांतली एकच सांगतो, कारण ती सांगून काही बिघडत नाही. रोज संध्याकाळी हाक द्यायची.

मी म्हटलं, "पहारा माझा."

बंदूक एकदम जड झाली, दोन बंदुका हातात असाव्यात इतकी. बाजूला कुणी नव्हतं. मी तिथे उभा राहिलो आणि घसा फुटेपर्यंत ओरडलो, "सगळं ठीक!" टेकडीवरून काही उत्तर आलं नाही.

गिलीसकाकांनी नंतर सांगितलं, त्यांना फक्त मी दिसलो, धुक्यात ताठ उभा. पण परतताना ते माझ्या शेजारून चालले नाहीत. चार पावलं मागून आले. त्यांचा खोकला आठवड्यात गेला. पुढे ते घरी पोचले, नातवंडं खेळवून आपल्या अंथरुणात मेले, असं ऐकलं.

मी गुडघ्याचं निमित्त सांगून किल्ल्यावर मागे राहिलो. युद्ध संपल्यावर अधिकाऱ्यांना जमिनी मिळाल्या. बाकीच्यांनी नदीकाठची काळी माती मागितली. मी ही खडकाळ टेकडी मागितली, आणि जमीन वाटणारा साहेब हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. मग वसाहतीतल्या लोकांनी राजाविरुद्ध बंड केलं. राजाची माणसं सगळी उत्तरेला पळाली. बंडवाल्यांनी माझ्या खिडक्या फोडल्या, गुरं नेली, कोठार जाळलं. मी हललो नाही. त्यांना वाटलं, म्हातारा शूर आहे.

७

इशबेल ऐकत होती. चूल विझत आली होती, पण तिचं लक्ष नव्हतं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "तो काय म्हणायचा? परत सांगा."

"सगळं ठीक, आणि पोट रिकामं."

तिने तोंडावर हात ठेवला. "आपल्या चर्चच्या दाराशी पोरं एक खेळ खेळतात. एकजण भिंतीवर उभा राहतो आणि हेच ओरडतो, हेच शब्द! मीसुद्धा खेळलेय. आईला विचारलं होतं, हे कुठून आलं. ती म्हणाली, तिच्या लहानपणी संध्याकाळी दाराशी कुणीतरी म्हणायचं. सगळ्या पोरांनी ऐकलं होतं. कुणी घाबरायचं नाही, कारण तो आवाज हसरा होता."

मी काय करावं? मी म्हातारा, दात पडलेला माणूस, टेबलावर डोकं ठेवून रडलो. आनंदाने रडलो. तो घरी पोचला होता! समुद्र ओलांडून, मोरागच्या गावी!

"मग झालं तर," इशबेलने माझे डोळे पुसले. "तो सुटला, म्हणजे तुम्हीही सुटलात. जिवंत माणसाला कसला आलाय पहारा? शब्द पाळलात, पुरे झालं. आता चला."

आणि मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. मी पेटी काढली. गणवेश, तंबाखूचा पाईप, दोन सदरे. शेळ्या डच बाईला द्यायचं ठरलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी इशबेल म्हणाली, "आज ओरडायचं नाही. सवय मोडा." तिने माझा हात घट्ट धरला आणि आम्ही चुलीपाशी बसलो.

उजेड करडा झाला. वेळ झाली. माझ्या घशात हाक येऊन अडकली, मी गिळली. बाहेर वारा नव्हता. डच बाईच्या कोंबड्या खुराड्याबाहेर उगीच कलकलत होत्या.

मग टेकडीवरून आवाज आला.

"सगळं ठीक."

झोपेतून ओढून आणलेल्या माणसाचा आवाज. दमलेला. घोगरा. मी वाट पाहिली. इशबेलची नखं माझ्या हातात रुतली होती, तीही वाट पाहत होती. पुढचे शब्द आले नाहीत. त्याला परत यावं लागलं होतं, आणि त्याला हसू येत नव्हतं.

मी काठी न घेताच बाहेर धावलो. पायरीवरून पडलो, उठलो. "माझा पहारा आहे!" मी ओरडलो. "माझा आहे, गाढवा! तू जा! घरी जा! सगळं ठीक! सगळं ठीक!"

बराच वेळ काही नाही. मग तळ्याच्या पार पलीकडून, जाता जाता कुणी मागे वळून म्हणावं तसं, पुसट ऐकू आलं, "...आणि पोट रिकामं."

मी आत आलो तेव्हा इशबेल माझी पेटी उपसत होती. सदरे खुंटीवर, पाईप फडताळावर.

८

सकाळी ती निघाली. होडीत बसताना मला मिठी मारून रडली. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. टेकडीला मी कुंपण घातलंय. मला तिथेच पुरतील, जॉबच्या शेजारी, डच बाईच्या मुलाने कबूल केलंय. आणि माझ्यानंतर तिथे कुणालाही पुरायचं नाही. आमच्यातला कुणी चुकून या भागात आला, तरी नाही. शेवटचा मीच.

"आणि दुसरी?" तिने विचारलं.

"चर्चच्या दाराशी संध्याकाळी एक ओटची भाकरी ठेवत जा. जरा जाड भाज. आणि शेजारीच मोरागचं थडगं आहे, तिला सांग, मी त्याला एकटा सोडला नाही."

ती हो म्हणाली. होडी वळणाआड गेली. खाडीचा वास, पीटचा धूर, आईची खुर्ची, सगळं तिच्याबरोबर गेलं. मी काठावर उभा राहून बघत राहिलो, आणि मग शेळ्या सोडायला गेलो.

काल माझी जागा बघायला टेकडीवर चढलो. इतक्या वर्षांत मी वर फारसा गेलेलो नाही, गुडघा साथ देत नाही. गवतात पायवाट पडलीय. कुंपणाच्या आतून, गोल, पहारेकरी फेऱ्या घालतो तशी. आधी वाटलं, शेळ्या. मग ओल्या मातीत ठसे दिसले, बुटांचे. उजवा नीट उमटलेला. डावा ओढलेला, टाचेवर उथळ. मी त्याच्या शेजारी माझा डावा पाय टेकवून पाहिला, ठसा तंतोतंत तोच उमटला, आणि मी पाय लगेच उचलला.

असो. तळ्यावर उजेड करडा होत आलाय. कोंबड्या माझी वाट बघत असतील. तिकडे गावात इशबेल पोचली असेल आणि चर्चच्या दाराशी भाकरी ठेवली असेल, तर आज तरी त्याचं पोट भरलेलं असेल. काठी कुठे ठेवली मी? हां, ही इथे. चला, हाक द्यायची वेळ झाली.